शब्द लेखी पोहोचावा म्हणून : उघड्या माळावरील रेडिओ-टेलिटाइप

(शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एके काळी गावात तार आली म्हणजे साऱ्या वाड्याचे लक्ष त्या घराकडे लागत असे. तारवाल्याच्या हातातील कागदावर छापील अक्षरांच्या अरुंद पट्ट्या चिकटविलेल्या असत. मजकूर जेमतेम दहा-बारा शब्दांचा. पण तो लेखी असे. ज्याला वाचता येत नसे तो मास्तरांकडून वाचून घेई, शंका आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून पाही आणि पुढे तो कागद वर्षानुवर्षे पेटीत जपून ठेवी. १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली. दूरध्वनी घरोघर आणि पुढे खिशाखिशात पोहोचल्यावर तिची गरज उरली नाही, हे खरेच आहे. परंतु खांब पडले, तारा तुटल्या आणि मनोरे मुके झाले म्हणजे लेखी निरोप कसा पाठवावयाचा, हा प्रश्न मात्र तारेबरोबर संपलेला नाही.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून पुढे गेले, तेव्हा झाडे विजेच्या तारांवर कोसळली आणि अनेक गावे अंधारात राहिली. त्याच वर्षी जुलै महिन्यात सत्तरी व डिचोली भागात नद्या घरांत शिरल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या जिल्ह्यांनी महापूर पाहिला. अशा वेळी मोबाइलच्या मनोऱ्याचे जे होते ते समजण्यास फारशी विद्या लागत नाही. मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की त्याची बॅटरी काही तास चालते. ती संपण्यापूर्वी जनित्राला डिझेल पोहोचले नाही, तर मनोरा जागेवर उभा असूनही निरुपयोगी ठरतो. नेमक्या त्याच वेळी गावाला सर्वांत जास्त बोलावयाचे असते.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारी एक मंडळी देशात फार पूर्वीपासून आहे. तिला हौशी रेडिओचालक किंवा 'हॅम' असे म्हणतात. केंद्र शासनाची परीक्षा देऊन व परवाना घेऊन, कोणत्याही आर्थिक लाभाविना, बिनतारी यंत्रावरून परस्परांशी संपर्क साधणारे हे नागरिक होत. या हौसेचा आपल्या भागांशी जुना संबंध आहे. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी इंदूरजवळील महू येथील लष्करी सिग्नल विद्यालयात हौशी रेडिओचालकांच्या क्लबचे उद्घाटन झाले आणि पुढे १९५४ साली त्याचेच रूपांतर दिल्लीस 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेत झाले. हैदराबाद येथे १९८३ साली 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ' ही संस्था सुरू झाली. याच संस्थेतर्फे श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सहकारी डिसेंबर २००४ मध्ये अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे हौशी केंद्र चालवीत होते. ते गेले होते जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधण्यासाठी; परंतु २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि तेच केंद्र बेटांवरील लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविण्याच्या कामी आले. केंद्र आधीच उभे होते, माणसे सरावलेली होती, म्हणून ते शक्य झाले. आजच्या विषयाचे मर्म याच गोष्टीत आहे.

बोलण्याची मर्यादा

बिनतारी यंत्रावर बोलणे सर्वांत सोपे. आपत्तीतील पुष्कळसे काम बोलूनच होते आणि तसेच होत राहील. परंतु बोलण्याला एक मर्यादा आहे. आकाशात विजा कडाडत आहेत, यंत्रात खरखर आहे, बोलणारा दमलेला आहे आणि पलीकडचा मराठी जाणणारा नाही, अशा स्थितीत चाळीस माणसांची नावे, वये आणि औषधांची मात्रा तोंडी सांगून पाहावी. प्रत्येक नावाचे अक्षर अन् अक्षर फोडून सांगावे लागते, ऐकणारा ते हाताने लिहून घेतो आणि लिहिताना चुकतो. दहा मिनिटांत दोघांचाही धीर सुटतो.

म्हणून निरोप अक्षरांच्याच रूपाने पाठवावा आणि पलीकडे तो अक्षरांच्याच रूपाने उमटावा, ही कल्पना पुढे आली. तिचे हौशी जगातील सर्वांत जुने रूप म्हणजे रेडिओ-टेलिटाइप. वृत्तपत्रांच्या कचेरीत जो टेलिप्रिंटर खडखडत असे, तोच तारेऐवजी रेडिओलहरींवर चालविला की रेडिओ-टेलिटाइप झाला.

त्याची रचना अशी. १८७४ साली एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्याने प्रत्येक अक्षरासाठी पाच स्पंदांचा संकेत बसविला. प्रत्येक स्पंद दोनपैकी एका स्थितीत असतो. त्यामुळे पाच स्पंदांतून बत्तीस वेगवेगळे मेळ मिळतात. पुढे त्यात सुधारणा झाल्या. पण पाच स्पंदांचे तत्त्व कायम राहिले. रेडिओवर या दोन स्थितींसाठी दोन स्वर वापरतात. हौशी मंडळींच्या प्रघाताप्रमाणे या दोन स्वरांत १७० हर्ट्झचे अंतर असते. एक स्पंद सुमारे २२ मिलिसेकंद टिकतो. सुरुवातीचा व शेवटचा स्पंद धरून एका सेकंदात सुमारे सहा अक्षरे जातात. म्हणजे पंचवीस शब्दांचा निरोप अर्ध्या मिनिटाच्या आत पलीकडच्या पडद्यावर उमटतो. ऐकणाऱ्याला दोन स्वरांची भरभर अदलाबदल ऐकू येते. संगणकाच्या पडद्यावर त्याच दोन स्वरांच्या रुळांसारख्या दोन समांतर रेघा दिसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी मंडळींनी मोडीत निघालेले टेलिप्रिंटर मिळवून हा छंद वाढविला, आणि १९५३ साली तेथील शासनाने लघुलहरींवर आजच्या पद्धतीने तो चालविण्यास मुभा दिली. त्या काळी ही यंत्रे लोखंडाची, विजेच्या मोटारीवर चालणारी आणि दोन माणसांनी उचलावी अशी होती. ती रानात नेण्याचा विचार कोण करणार? संगणक आला तेव्हा हे ओझे उतरले. आज खिशातील दूरध्वनी टेलिप्रिंटरचे काम करू शकतो. इतकेच नव्हे, तर आयकॉम कंपनीच्या आयसी-७०५ सारख्या सुमारे एक किलो वजनाच्या रेडिओयंत्रातच टेलिटाइप वाचण्याची सोय असते. स्वतःच्या बॅटरीवर ते पाच वॅट आणि बाहेरच्या पुरवठ्यावर दहा वॅट शक्तीने चालते. सारांश, जे यंत्र चार भिंतींबाहेर निघत नव्हते ते आता पिशवीत मावते.

माळावर गेल्यावर

परंतु पिशवीत मावते म्हणून ते माळावर चालेलच असे नाही. घरात चालणारे केंद्र बाहेर नेले की तीन गोष्टी आडव्या येतात : वीज, ऊन आणि एरियल.

प्रथम विजेचा विचार करू. बोलताना मनुष्य थांबतो, श्वास घेतो. तेवढा वेळ यंत्राचा प्रेषकही विसावतो. मोर्सच्या कटकटीतही मधे मधे मोकळी जागा असते. टेलिटाइपमध्ये मात्र दोनपैकी एक स्वर सतत चालू असतो. प्रेषकाला क्षणभरही उसंत नसते. म्हणून यंत्रावर '१०० वॅट' लिहिलेले असले तरी टेलिटाइपसाठी ती शक्ती २५ ते ४० वॅटपर्यंत खाली आणणे शहाणपणाचे. नाहीतर अर्ध्या तासात यंत्र हात लावू देणार नाही, आणि दुपारच्या उन्हात तर त्याहूनही लवकर. यंत्र झाडाच्या सावलीत ठेवावे, पाठीमागची बाजू मोकळी राहू द्यावी आणि निरोप लांब असेल तर तुकडे पाडून पाठवावा.

बॅटरीचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येईल असा आहे. समजा, २५ वॅट शक्तीने पाठविताना यंत्र ८ अँपिअर घेते आणि ऐकताना १ अँपिअर. तासातील वीस मिनिटे पाठविण्यात आणि चाळीस मिनिटे ऐकण्यात गेली, तर खर्च सुमारे ३.३ अँपिअर-तास होतो. लिथियम फॉस्फेट जातीची २० अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि त्यातील १६ वापरावयाचे ठरविले, तर केंद्र पावणेपाच तास चालेल. आता याच बॅटरीवर मांडीवरचा संगणकही लावला आणि तो अडीच अँपिअर घेऊ लागला, तर तीच बॅटरी पावणेतीन तासांत संपेल. म्हणजे पुष्कळदा बॅटरी केवळ रेडिओ खात नाही, संगणकही खातो. संगणकाऐवजी दूरध्वनी वापरला तर सव्वाचार तासांपर्यंत मजल जाते. मोटारीतील शिशाची बॅटरी असेल, तर तिची निम्मीच शक्ती हिशेबात धरावी; त्याहून अधिक उपसा केला तर ती लवकर निकामी होते. सौर तावदान उपयोगी आहे. ५० वॅटचे तावदान भर उन्हात सुमारे तीन अँपिअर देऊ शकते. परंतु त्याच्या नियंत्रकातून निघणारी खरखर कधी कधी दूरचा क्षीण संदेश बुडविते. तसे आढळले तर ऐकण्याच्या वेळी तावदान सोडवून ठेवावे.

दुसरे ऊन. उन्हात पडद्यावरील अक्षरे दिसत नाहीत, ही क्षुल्लक वाटणारी अडचण प्रत्यक्षात सर्वांत आधी येते. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून त्यात पडदा ठेवला की काम भागते.

तिसरी गोष्ट एरियलची. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी मध्यभागी जोडणी असलेली तार दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहा मीटर लागते. मध्यभाग आठ-दहा मीटर उंचीच्या बांबूवर अथवा आंब्याच्या फांदीवर चढवून दोन्ही टोके नायलॉनच्या दोरीने खाली ताणली, की एरियल झाले. इतक्या कमी उंचीवरील तारेतून लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आकाशातील विद्युतभारित थरावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारख्या खाली येतात. सह्याद्रीच्या कुशीतील गावांना हे फार सोयीचे आहे. कारण डोंगर आडवा असला तरी वरून येणाऱ्या लहरीला तो अडवीत नाही. पेडण्याहून बेळगाव, किंवा सत्तरीहून कोल्हापूर, हा टप्पा दिवसा अशा रीतीने गाठता येतो. सूर्यास्तानंतर याच पट्ट्यावर जवळची केंद्रे मावळतात आणि दूरची ऐकू येऊ लागतात. तेव्हा जवळच्यासाठी साडेतीन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरावे लागते आणि तारही दुप्पट लांब लागते. सरावात दिवसाबरोबर रात्रही घ्यावी, ती याचसाठी.

आपल्याकडील जांभ्या दगडाच्या सड्यावर जमिनीत पहार ठोकून चांगली अर्थ-जोडणी मिळणे कठीण. म्हणून जमिनीवर अवलंबून नसलेली ही दुहेरी तारच तेथे उत्तम. याउलट समुद्रकिनारी, खाऱ्या पाण्यालगत उभ्या काठीचे एरियल लावले तर दूर देशाशीही चांगला संपर्क होतो. मात्र एक नियम कोठेही मोडू नये : विजेच्या तारांखाली किंवा त्यांच्या आसपास एरियल कधीही चढवू नये, आणि वैशाखात किंवा परतीच्या पावसात दूरवर गडगडाट ऐकू आला, की हातातला निरोप अर्धा सोडूनही एरियल यंत्रापासून अलग करून तेथून बाजूला व्हावे.

जुळवणीतील दोन चुका नवशिक्यांच्या हातून नेहमी होतात. टेलिटाइपचे दोन स्वर ध्वनिमार्गे पाठविताना, प्रघाताप्रमाणे, यंत्र खालच्या पार्श्वपट्टीवर ठेवावे लागते. ते चुकून वरच्या पट्टीवर राहिले तर दोन्ही स्वर उलटतात आणि पलीकडे केवळ निरर्थक अक्षरे उमटतात. दुसरी चूक म्हणजे आवाज फार मोठा ठेवणे. मोठ्या आवाजाने संदेश लांब जात नाही. तो फाटतो, फैलावतो आणि शेजारच्यांना उपद्रव देतो. जुळणी पाहण्यासाठी 'आर' आणि 'वाय' ही दोन अक्षरे आलटून पालटून पाठविण्याची जुनी रीत आहे. या दोन अक्षरांचे स्पंद एकमेकांच्या नेमके उलट असल्याने यंत्राच्या दोन्ही स्थितींची त्यात पुरती परीक्षा होते.

अक्षर चुकते ते मुकाट्याने

येथवर यंत्राचे झाले. आता ज्या गोष्टीकडे सर्वांत अधिक लक्ष पुरविले पाहिजे तिच्याकडे वळू. पडद्यावर छापील अक्षर दिसले, की ते बरोबरच असणार असे मनुष्याला वाटते. रेडिओ-टेलिटाइपच्या बाबतीत हा विश्वास धोक्याचा आहे.

बत्तीस मेळांत इंग्रजीची सव्वीस अक्षरे बसविल्यावर आकड्यांना जागा उरत नाही. म्हणून टंकलेखन यंत्राप्रमाणे येथे दोन कप्पे केलेले आहेत : एक अक्षरांचा, दुसरा आकड्यांचा. 'आता आकडे येत आहेत' असा संकेत आधी जातो, मग आकडे जातात. तो एक संकेत विजेच्या कडकडाटात हरवला, की आकड्यांची अक्षरे होतात. टंकलेखन यंत्राच्या वरच्या ओळीतील दहा अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि ० या आकड्यांची जोडीदार आहेत. म्हणून '२४०' च्या जागी 'डब्ल्यू, आर, पी' अशी अक्षरे दिसतात. हौशी चालक संदेशाची स्पष्टता '५९९' अशी कळवितात. ती पुष्कळदा 'टी, ओ, ओ' अशी उमटते, आणि सरावलेला चालक ती हसून बरोबर वाचतो. हा तक्ता पाठ असेल तर ही चूक सुधारता येते, कारण ती दिसते.

परंतु न दिसणारी चूक याहून वाईट. १ आणि २ या आकड्यांच्या संकेतांत केवळ एका स्पंदाचा फरक आहे. १ आणि ७ यांच्यातही तसाच. एक स्पंद बिघडला तर '१००' चे '२००' किंवा '७००' होते आणि यंत्र त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. कारण या पद्धतीत चूक ओळखण्याची कोणतीही अंगभूत सोय नाही. औषधाची मात्रा, बोटीतील माणसे, तांदळाची पोती यांच्या बाबतीत अशी चूक काय करील, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर उपाय यंत्रात नसून शिस्तीत आहे, आणि तो जुन्या तारमास्तरांना ठाऊक होता. प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यावा, वेळ लिहावी आणि शब्दांची संख्या आरंभी सांगावी. पलीकडे तेवढेच शब्द उतरले की नाही ते मोजावे. सर्व आकडे संदेशाच्या शेवटी पुन्हा एकदा पाठवावेत. महत्त्वाचा आकडा अक्षरांतही लिहावा. पलीकडच्या केंद्राने नावे व आकडे उलट पाठवून खात्री करून द्यावी आणि त्यानंतरच संदेश पोहोचला असे समजावे. पंचवीस शब्दांच्या निरोपाला या साऱ्यामुळे अर्ध्या मिनिटाऐवजी दोन मिनिटे लागतील. ती दोन मिनिटे वाया गेलेली नसतात.

टेलिटाइपहून नव्या पद्धती आहेत, हेही सांगितले पाहिजे. १९९८ च्या सुमारास पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हौशी अभियंत्याने प्रचारात आणलेली पीएसके-३१ ही पद्धत कमी जागेत व कमी शक्तीत काम करते. २०१७ साली आलेली एफटी-८ पद्धत तर खरखरीत बुडालेला, कानाला ऐकूही न येणारा संदेश वाचते. परंतु तिच्यात मोकळा मजकूर एका वेळी केवळ तेरा अक्षरांचा जातो, प्रत्येक फेरी पंधरा सेकंदांची असते, आणि दोन्हीकडची घड्याळे सेकंदाला सेकंद जुळलेली असावी लागतात. जाळे बंद पडलेल्या गावात घड्याळ जुळविणे हीच एक अडचण होऊन बसते. टेलिटाइपला घड्याळ लागत नाही, मजकुराला लांबीचे बंधन नाही, आणि मधूनच ऐकू लागलेल्या केंद्रालाही पुढची अक्षरे वाचता येतात. बॅटरी अधिक खाणारी, चुका न ओळखणारी, पण सरळ आणि सोशिक अशी ही पद्धत आहे. गुणदोष ओळखून तिचा उपयोग करावा. ज्या कामाला बोलणे पुरेसे आहे तेथे बोलावे. याद्या आणि आकडे असतील तेथे लेखी पाठवावे.

गावांची आणि माणसांची नावे

टेलिटाइपमध्ये देवनागरी नाही. सगळा मजकूर इंग्रजी मोठ्या अक्षरांत जातो. येथे आपल्या भागातील एक जुनी गोष्ट नव्याने आडवी येते. गावाला आपण पेडणे म्हणतो, कागदोपत्री इंग्रजीत ते पर्नेम होते. डिचोलीचे बिचोलिम, म्हापशाचे मापुसा, सांगेचे संग्वेम, काणकोणचे कॅनाकोना. बेळगाव किंवा हैदराबाद येथे बसलेल्या चालकाला ही दोन्ही नावे एकाच गावाची आहेत हे ठाऊक असेलच असे नाही. त्याने उच्चाराप्रमाणे लिहिले आणि कचेरीत नकाशावर ते नाव सापडले नाही, तर मदतीची गाडी सुटावयास तेवढाच उशीर.

माणसांच्या नावांची गत याहून अवघड. इंग्रजी अक्षरांत 'त' आणि 'ट' एकच, 'ल' आणि 'ळ' एकच. म्हणून काळे आणि काले सारखेच दिसतात. गावकर हे एकच आडनाव तीन घरांत तीन प्रकारे लिहिले जाते. एका गावात एकाच नावाची चार माणसे असणे तर नित्याचे. 'अमुक सुखरूप आहे' हा निरोप चुकीच्या घरी पोहोचला तर त्या घराचा आनंद खोटा ठरतो, आणि ज्या घरी तो जावयास हवा होता तेथे दिवा न लावता माणसे बसून राहतात. म्हणून नावाबरोबर वडिलांचे अथवा पतीचे नाव, वय आणि वाडा ही तीन माहिती असल्याखेरीज माणसाविषयीचा संदेश पाठवू नये.

हे काम रेडिओचालकाचे एकट्याचे नव्हे, आणि पूर आल्यावर करावयाचेही नव्हे. शाळेतील शिक्षकांनी मुलांच्या साहाय्याने आपल्या पंचायतीतील वाडे, शाळा, देवळे, चर्च, पूल आणि आरोग्य केंद्रे यांची एक यादी करावी : एका बाजूस देवनागरी नाव, दुसऱ्या बाजूस कागदोपत्री वापरातील इंग्रजी नाव. तिची एक प्रत पंचायतीत, एक मामलेदार कचेरीत आणि एक परिसरातील परवानाधारक हौशी चालकाकडे असावी. या यादीला पैसा लागत नाही. एखादी दुपार लागते. भूगोलाच्या तासाला याहून चांगला पाठ कोणता?

परवाना आणि सराव

कायद्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ऐकणे निराळे आणि पाठविणे निराळे. पाठविण्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. म्हणून यंत्र दुसरीकडे नेऊन चालविण्यापूर्वी परवान्यातील अटी पाहून आवश्यक ती अनुमती किंवा सूचना यांची पूर्तता करावी. हौशी रेडिओ हा टपालाला पर्याय नाही. व्यापारी अथवा खाजगी कामाचे निरोप त्यावरून नेता येत नाहीत, आणि गुप्त सांकेतिक भाषाही चालत नाही. आपत्तीच्या वेळचे संदेश सक्षम अधिकाऱ्यांच्या सूचनेप्रमाणे, नियमांच्या चौकटीत पाठवावेत. सरावाच्या संदेशावर 'सराव' हा शब्द आरंभी आणि शेवटी असावा. नाहीतर कोणी तरी तो खरा समजून धावाधाव करील.

माळावरील सरावाची परंपरा जगात जुनी आहे. अमेरिकेतील हौशी चालकांची राष्ट्रीय संघटना १९३३ सालापासून 'फील्ड डे' भरवीत आली आहे. जून महिन्यातील एका शनिवार-रविवारी हजारो चालक तंबू, बॅटऱ्या आणि एरियल घेऊन मैदानात उतरतात आणि चोवीस तास संपर्क साधत राहतात. त्यात बोलून केलेल्या संपर्कास एक गुण, तर मोर्स किंवा टेलिटाइपसारख्या पद्धतीने केलेल्या संपर्कास दोन गुण मिळतात. वरकरणी हा खेळ आहे. पण त्या खेळात कोणाची बॅटरी आधी संपली, कोणाची जोडतार घरी राहिली, कोणाचा पडदा उन्हात दिसेना, हे सारे कोणाचेही नुकसान न होता कळून येते. पुराच्या दिवशी तेच कळले असते तर त्याची किंमत निराळी पडली असती.

आपल्याकडे जून म्हणजे पाऊस. म्हणून असा सराव पौष ते फाल्गुन या कोरड्या दिवसांत करावा. आणि एकदा भर पावसाळ्यात, शाळेच्या पडवीत, ओल्या तारा हाताळून करावा. कारण गरज पडेल तेव्हा पाऊसच असण्याचा संभव अधिक. तीन माणसे पुरेत. एकाने कळफलकाशी बसावे, दुसऱ्याने येणारा मजकूर वहीत नोंदवून आकडे ताडून पाहावेत, तिसऱ्याने बॅटरी व एरियल यांवर लक्ष ठेवावे आणि मुलांना तारेपासून दूर ठेवावे. कचेरीतील एका कर्मचाऱ्याने समोर बसून संदेश लिहावा. पंचवीस शब्दांत काय हवे, किती हवे, कोठे हवे आणि कोण मागत आहे, एवढेच सांगण्याची सवय ही सुद्धा सरावानेच होते. पहिल्या दिवशी त्यांचा संदेश शंभर शब्दांचा होईल आणि त्यात पोत्यांचा आकडाच राहून जाईल. हरकत नाही, राहून जावयाचा तो त्या दिवशी राहावा.

तारमास्तर गेले, पट्ट्या चिकटविलेले ते कागद पेट्यांतून पिवळे पडले. परंतु निरोप लिहून मोजावा, आकडा पुन्हा सांगावा, नाव नीट विचारून घ्यावे आणि पोच मिळाल्याखेरीज उठू नये, ही त्यांची रीत जुनी झालेली नाही. यंत्र आता कोणीही एका हाताने माळावर नेऊ शकेल. ते तेथे नेण्याआधी गावाने आपली यादी, चालकाने आपली बॅटरी आणि अधिकाऱ्याने आपले पंचवीस शब्द तयार ठेवले, तर पुढच्या वादळाच्या रात्री एखाद्या घरी गेलेला निरोप त्याच घरचा असेल. एवढी खात्री देता आली तरी या साऱ्या खटाटोपाचे सार्थक होईल.